पाहुण्यांच्या बाजूला बसणारे सर

आपण जे काही झालो त्याचं श्रेय आई-वडिलांना द्यायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि माझ्या बाबतीत ते खोटंही नाही. पण माझ्या आई-वडिलांनी मला मलकापूरच्या स्टेशनपर्यंत पोचवलं. त्यापुढचं जग त्यांनी पाहिलेलं नव्हतं. तिथून पुढे, इलिनॉयच्या पश्चिम टोकाला, मक्याच्या शेतांमध्ये वसलेल्या एका लहानशा गावात ज्यांनी माझा हात धरला ते आमचे सर. मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो त्यांचा. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. स्वतःचं नाव छापून आलेलं त्यांना आवडत नसे. विद्यापीठाच्या वार्तापत्रात एकदा त्यांचा फोटो आला, तेव्हा आठवडाभर ते मागच्या दाराने ऑफिसात जात होते.

सर गणित शिकवत. साठच्या दशकात सोलापूरहून शिकायला म्हणून आले आणि त्या गावात राहून गेले. मी तिथे २००१ मध्ये कम्प्युटर सायन्सच्या एम.एस.साठी पोचलो. माझे वडील जिनिंग मिलमध्ये होते, आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. इंग्रजी पुस्तकातलं यायचं, समोरच्या माणसाचं यायचं नाही. त्याच सप्टेंबरात जे घडलं त्यानंतर सगळीकडे पैसे आखडले, आणि मला कबूल केलेली असिस्टंटशिप एका सकाळी रद्द झाली. फी भरली नाही तर व्हिसा जाणार होता. मी लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसलो होतो. सर तिथून चालले होते. त्यांनी मला मराठीत विचारलं, जेवलास का. मी हो म्हणालो. ते म्हणाले, दिसत नाहीस. घरी नेऊन त्यांनी मला काकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, समोर बसवलं आणि ते स्वतः क्रीडा विभागात गेले. कॉन्फरन्सच्या मॅचचं वेळापत्रक अजून कागदावर होतं, त्याला एक कम्प्युटर प्रोग्रॅम पाहिजे आणि तो लिहिणारा मुलगा माझ्या घरी जेवतोय, असं त्यांनी तिथल्या संचालकांना सांगितलं. मी जेवून उठेपर्यंत मला काम होतं.

कॉन्फरन्स म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी सभा-संमेलनासारखं काहीतरी समजलो होतो. सरांनी ते मला सांगितलं ते असं : आठ कॉलेजं आहेत. इलिनॉयमधली काही, नदीपलीकडे आयोवातली काही. ती आपापसांत बास्केटबॉल खेळतात. प्रत्येकाने प्रत्येकाकडे वर्षातून एकदा जायचं आणि प्रत्येकाला एकदा आपल्याकडे बोलवायचं. शुक्रवारी एका गावात, शनिवारी जवळच्या दुसऱ्या गावात, म्हणजे एका फेरीत दोन घरं होतात. म्हणून आठांच्या चार जोड्या लावलेल्या. आमची जोडी मिसिसिपी ओलांडून चाळीस मिनिटांवर असलेल्या कॉलेजाशी. "थोडक्यात," सर म्हणाले, "आठ घरांचं येणं-जाणं आहे. बाकी बॉल वगैरे निमित्त."

सरांना खेळातलं काही येत नव्हतं. उंची बेताची, अंगात कायम तपकिरी कोट, थंडीत काकूंनी विणलेली माकडटोपी. बॉल त्यांनी आयुष्यात एकदा हातात घेतला होता, तोही जिन्यावरून गडगडत आला म्हणून. पण कॉन्फरन्समध्ये प्रत्येक कॉलेजाचा एक प्राध्यापक-प्रतिनिधी असे, आणि तिथल्या जुन्या नियमाप्रमाणे मत कॉलेजच्या अध्यक्षाने नव्हे तर त्या प्रतिनिधीने द्यायचं असे. आमचे प्रतिनिधी सर. त्या जागेसाठी भांडण नव्हतं. कुणालाच नको होती म्हणून ती एका वर्षी त्यांच्याकडे आली आणि त्यांनी सोडली नाही.

त्यांची एक सवय सगळ्या गावाला ठाऊक होती. आपल्या जिममध्ये मॅच असली की ते पाहुण्या संघाच्या बाजूला बसत. लाकडी पायऱ्यांच्या एका अंगाला आमची दोन-तीनशे मुलं तोंड रंगवून ओरडत असायची, समोरच्या अंगाला पाहुण्यांचे दहा-वीस आईबाप, आणि त्यांच्यात मधोमध सर, मांडीवर चिवड्याचा स्टीलचा डबा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं चुकून बसलेत. मी त्यांना खूण केली. त्यांनी मलाच हात करून तिकडे बोलावलं. घरी पाहुणे आले की घरचं कुणीतरी त्यांच्या पंगतीला बसायला नको का, असं त्यांचं म्हणणं. ते दोन्हीकडच्या बास्केटला टाळ्या वाजवत, त्याही जरा उशिरा, कारण बॉल आत गेला की नाही हे त्यांना लोकांच्या आवाजावरून कळे. दुसऱ्या दिवशी विभागात कुणी विचारलं की काय झालं मॅचचं, तर ते सांगत, सगळे आले होते. कोण जिंकलं हे त्यांच्या लक्षात नसे. आमच्या मुलांनी त्यांना गद्दार असं नाव ठेवलं होतं आणि ते त्यांना प्रेमाने तोंडावर म्हणत. सर त्यावर डबा पुढे करत.

पाहुण्यांची बस आली की ते पार्किंगमध्ये उभे. बस निघाली की पुन्हा उभे, ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत. ड्रायव्हरला सांगत, पोचलात की फोन करा. त्या अमेरिकन ड्रायव्हरांना आधी हे काय ते कळलं नसणार, पण पुढे ते खरंच फोन करत. काकू उचलत आणि सरांना सांगत की आयोवावाले पोचले. मी गेलो त्या वर्षी थंडीत नवीन सुरक्षारक्षक होता. टोपी घालून बसभोवती फिरणारा हा सावळा माणूस कोण, म्हणून त्याने सरांना हटकलं, ओळखपत्र मागितलं. दिवस तसे होते. सर खिसे चाचपत राहिले. तेवढ्यात बसचा ड्रायव्हर खाली उतरला आणि रक्षकाला म्हणाला की हा माणूस आम्हाला निरोप देतो, तू याच्या आड येऊ नकोस. सरांनी घरी येऊन काकूंना यातलं एवढंच सांगितलं की आजचा ड्रायव्हर फार सुसंस्कृत होता.

नदीपलीकडच्या कॉलेजाचे प्रतिनिधी वॉल्टर. रसायनशास्त्राचे प्राध्यापक, सहा फुटांवर उंची, वयाने सरांहून मोठे, बोलणं अगदी कमी. जानेवारीत मॅच आमच्याकडे असे, फेब्रुवारीत त्यांच्याकडे. आमच्याकडे आले की वॉल्टर घरून रुबार्बचा पाय, म्हणजे आंबट देठांचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, आणत. सरांच्या मते त्याची चव आंबटचुक्यासारखी होती आणि आंबटचुका गोड करणं हा अन्याय होता. तरी ते दोन तुकडे खात. वॉल्टर चिवडा खात आणि त्यातले शेंगदाणे आधी संपवत. दोघं शेजारी बसून मॅच पाहत. बोलणं असं फारसं नसेच. एकदा वॉल्टर म्हणाले, "तू आमच्या बाजूला बसतोस आणि आम्ही हरतो. पुढच्या वर्षी तुझ्या लोकांत बसून बघ." सर म्हणाले, "तिथे मला कोण पाय देणार?" एवढंच. वीस-बावीस वर्षं ते असे बसत आले होते आणि मॅचखेरीज एकमेकांच्या घरी कधी गेले नव्हते. मी एकदा विचारलं की फोन का करत नाही. सर म्हणाले, फोनवर आम्ही काय बोलणार, आमचं बोलणं समोर काहीतरी चालू असलं तरच होतं.

मी ज्या वर्षांत तिथे होतो त्या वर्षांत एकच वाद चालू होता : कॉन्फरन्स वाढवायची की नाही. आसपासची गटबंधनं मोडत होती, नवी होत होती. वाढवा म्हणणाऱ्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटण्यासारखं वाटे. आठ जण आहात, उद्या त्यातले दोन गेले तर बाकीच्यांनी कुठे जायचं? मोठ्या गावातलं कॉलेज आत आलं तर तिथली मुलं आपल्याकडे शिकायला येतील. टीव्हीवाले मोठ्या गटाकडे बघतात, लहान गटाकडे बघत नाहीत. आमचे क्रीडा संचालक भले गृहस्थ होते. ते म्हणायचे की जो वाढत नाही तो आकसतो. मी सरांची हरकत त्यांच्या तोंडून बैठकीत ऐकली आहे, कारण लॅपटॉप घेऊन मी मागे बसलेलो असे. ते टेबलापाशी उभे राहून म्हणत की आठ असले तर प्रत्येक जण प्रत्येकाकडे जातो. दहा असले तरी ओढूनताणून जातो. बारा झाले की कुणीतरी कुणाकडे तरी जाणं बंद होतं. कुणाचं बंद करायचं तेवढं आज सांगा, मग मी मत देतो. नवा सभासद घ्यायला सगळ्यांची संमती लागे. सर एकटे नाही म्हणत आणि विषय पुढच्या वर्षावर जाई.

शिकागोला डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर, भारतीय दुकानांच्या रस्त्यावर, किराणा आणायला मी त्यांना घेऊन जायचो. सर गाडी चालवत नसत, आणि काकू गावातल्या गावात चालवत. तिथे माझे कॉलेजातले मित्र भेटत, पुण्या-नागपूरचे, कन्सल्टिंगमध्ये कामाला लागलेले. सर बेसनाची पाकिटं निवडत असताना एकाने मला बाजूला घेऊन म्हटलं, "यार, एका बास्केटबॉलच्या टाइमटेबलसाठी तुझे सर सगळ्यांशी पंगा घेतायत? ह्यांना कोणीतरी सांगा, इट्स जस्ट अ गेम." मी हसलो. परतताना सर म्हणाले की तुझा मित्र बरोबर बोलला, खेळच आहे. मग खिडकीबाहेरच्या शेतांकडे बघत म्हणाले, "माणसांना निमित्त लागतं रे. ते काढून घेतलं की माणसं नुसती चांगली राहतात, भेटत नाहीत."

आता ते सांगतो ज्याने सगळं बदललं.

२००३ च्या हिवाळ्यात आयोवाच्या दक्षिणेकडचं एक अगदी लहान कॉलेज आमच्यात यायला धडपडत होतं. त्यांचा जुना गट मोडला होता, नव्यात कुणी घेत नव्हतं. गट नसलेल्या संघाला मॅच मिळत नाहीत. मिळाल्या तर दूरदूरच्या, कुणाची तरी तारीख रिकामी असली की. त्यांच्या अध्यक्षबाई आमच्या अध्यक्षांना भेटायला बर्फातून एकट्या गाडी चालवत आल्या. आमच्या अध्यक्षांनी त्यांना सांगितलं की माझी हरकत नाही, हरकत गणित विभागात बसते. बाई सरांच्या ऑफिसात पोचल्या तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. ही वेळच घातक ठरली. साडेबाराला दारात आलेल्या माणसाला सर जेवल्याशिवाय परत पाठवू शकत नव्हते, मग तो विद्यार्थी असो, प्लंबर असो की धर्मप्रचारक.

मी वेळापत्रकाची भेंडोळी घेऊन घरी आलो तर टेबलाशी बाई बसलेल्या. उंच, पांढरे केस, पायातले मोजे ओले. काकूंनी घाईने पिठलं टाकलं होतं, भात आणि टोमॅटोची कोशिंबीर. बाईंनी काकूंकडे बघत हाताने खायला घेतलं, पिठलं बोटांवरून ओघळलं, त्या हसल्या, काकूही हसल्या. कॉन्फरन्सचा विषय कुणीच काढला नाही. काकूंनी मुलंबाळं विचारली. बाईंनी सोलापूर कुठे आहे विचारलं. मी मनात म्हणत होतो की आता विचारतील, पण त्यांनी ताट स्वच्छ केलं, उठून सिंकपाशी नेऊन ठेवलं. निघताना दारात बूट चढवताना, खाली वाकलेल्याच, त्या म्हणाल्या, "आम्हाला कुणी खेळायला बोलावत नाही."

बाईंची गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत सर दारात उभे राहिले. आत आल्यावर काकूंनी ताटं आवरता आवरता त्यांना ऐकवलं की तुम्ही तिला जेवायला बोलावलंत तेव्हाच मत देऊन बसलात. मी भेंडोळी उलगडली आणि समजावू लागलो की आठाचे नऊ झाले की जोड्या लागत नाहीत, दर आठवड्याला एक संघ घरी बसतो, मग दहावा घ्यावाच लागतो.

"नऊला जोड्या लागत नाहीत हे तू मला शिकवू नकोस," सर म्हणाले. "पण जेवून गेलेल्या माणसाला मागाहून नाही कसं म्हणायचं? ते मला येत नाही."

बैठकीत त्यांनी हात वर केला. क्षणभर खोलीत कुणाला कळेना की हे होकाराचं की काही विचारायचंय. वॉल्टर मनातून त्यांच्याइतकेच विरोधात होते; सर नाही म्हणत म्हणून त्यांना म्हणावं लागत नसे. सरांचा हात पाहून त्यांनी आपलाही केला. बाहेर पार्किंगमध्ये वॉल्टर म्हणाले की तू केलास म्हणून मी केला, आता होईल ते दोघांचं.

त्याच उन्हाळ्यात माझं एम.एस. झालं. पदवीदानाच्या दिवशी सर पालकांच्या रांगेत बसले, पाहुण्यांच्या नव्हे. नोकरी सिअॅटलजवळ बॉथेलला लागली. त्यापुढचं मी फोनवर ऐकलं, रविवारी सकाळी, जसं इकडची सगळी माणसं घरचं ऐकतात.

नऊ झाले. दर आठवड्याला एक संघ बसून राहायचा, प्रशिक्षक चिडायचे. मग दहाव्याची गरज पडली आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की एकमताचा नियम हीच खरी अडचण आहे. तो बदलून दोन-तृतीयांश केला. मत प्राध्यापकांकडून अध्यक्षांकडे गेलं. प्रतिनिधींनी फक्त सल्ला द्यायचा. दहावं आलं, मोठ्या शहरातलं, त्याच्या जिमला स्टेडियमसारख्या खुर्च्या. अकरावं आणि बारावं जोडीनेच आलं. बारा झाल्यावर एका मोसमात सगळ्यांकडे जाणं-येणं बसेना. म्हणून दोन भाग पाडायचं ठरलं, पूर्व आणि पश्चिम. रेघ कुठे मारायची यावर फार चर्चा झाली नाही. नकाशावर नदी होतीच. नदीपलीकडचे सगळे पश्चिमेत, आम्ही पूर्वेत. चाळीस मिनिटांवरचं वॉल्टरचं कॉलेज आमच्याशी आता दोन वर्षांतून एकदा खेळणार होतं, आणि आम्ही दर वर्षी सहा तासांवरच्या शहरात जाणार होतो.

त्या मतदानात अध्यक्षबाईंनी विभागणीच्या बाजूने मत दिलं. मला ते ऐकून राग आला. मी फोनवर बरंच काही बोललो, खाल्ल्या मिठापर्यंत गेलो. सरांनी मला थांबवलं. त्यांचं बरोबर आहे, ते म्हणाले, त्यांची मुलं तासन् तास बसमध्ये बसून परीक्षा बुडवतात, त्यांना जवळच्या मॅच हव्यात. त्यांच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं. मग म्हणाले, बाकी सगळं ठीक, काकू बोलतील, आणि फोन काकूंकडे दिला.

२००७ च्या फेब्रुवारीत मी शिकागोला कामासाठी गेलो आणि दोन दिवस गावाला जाऊन आलो. मॅच होती, त्या शहरातल्या नव्या कॉलेजाशी. सर थकले होते. टोपीखालून कान जास्त मोठे दिसत होते. आम्ही पाहुण्यांच्या बाजूला जाऊन बसलो. त्यांचे पाठीराखे बरेच होते, एकसारखे टी-शर्ट घातलेले. सरांनी डबा उघडून शेजारच्या माणसापुढे धरला. त्याने वास घेतल्यासारखं केलं आणि नको म्हणून मान हलवली. थोड्या वेळाने गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी आली. आमच्याच विद्यापीठाची विद्यार्थिनी. तिने अगदी नम्रपणे सांगितलं की हा भाग आता पाहुण्या संघाच्या तिकिटांसाठी राखीव आहे, तुम्हाला घरच्यांच्या बाजूला जावं लागेल. मी तिला सांगू लागलो की हे कोण आहेत. सरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि उठले. आम्ही मैदानाच्या कडेने चालत पलीकडे गेलो. आमच्या बाजूच्या मुलांपैकी कुणी त्यांना गद्दार म्हणालं नाही. ती मुलं त्यांना ओळखत नव्हती. मध्यांतरात सर म्हणाले की जरा डोकं दुखतंय, निघू या. बस जायची होती अजून. ते थांबले नाहीत. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच पाहुणे असताना घर गाठलं.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये कॉन्फरन्सची वार्षिक बैठक झाली. सल्ल्यापुरती का होईना, सरांची जागा अजून होती. वॉल्टरच्या खुर्चीवर एक तरुण बाई बसलेली पाहून सरांनी तिला विचारलं की वॉल्टर आले नाहीत का. तिने सांगितलं ते जानेवारीत वारले. तिला वाटलं होतं सरांना ठाऊक असणार. त्या जानेवारीत दोन्ही कॉलेजांची मॅच नव्हती. ते वर्ष मॅच नसण्याचं होतं. असती तर पाय आला नाही एवढ्यावरून त्यांना कळलं असतं.

हे मला काकूंनी सांगितलं. सर बैठकीतून उठून आले होते आणि तेव्हापासून फारसे बोलत नव्हते. काकूंनी त्यांना म्हटलं की वॉल्टरच्या बायकोला भेटून येऊ, मी नेते गाडी, हळूहळू जाऊ. ते नको म्हणाले. आपल्याकडे माणूस गेला की दहा दिवसांच्या आत भेटायला जातात. दोन महिने उलटल्यावर कोणत्या तोंडाने जायचं, आणि तिने विचारलं की इतके दिवस कुठे होता, तर काय सांगायचं, की आमचा विभाग पूर्व आहे? काकू म्हणाल्या तिच्यात असली रीत नाही, ती काही मोजत बसली नसेल. सर म्हणाले, मी मोजतोय.

मग त्यांनी फोन घेतला. माझी नोकरी कशी चाललीय विचारलं, पाऊस विचारला. आणि मग विचारलं, "मी त्या दिवशी हात वर केला ते चुकलं का रे?"

मी इतका वेळ गप्प राहिलो की त्यांना वाटलं लाइन तुटली. त्यांनी दोनदा हॅलो म्हटलं आणि ठेवून दिला.

मी त्या आठवड्यात त्यांना पत्र लिहिलं. एप्रिलमध्ये, पत्रात लिहिल्याप्रमाणे, सरांना वॉल्टरच्या घरी न्यायला गेलोही. सर कोट घालून, टोपी घालून तयार होते. गाडीपर्यंत आले, दाराला हात लावला, आणि मग म्हणाले की तू जाऊन ये, माझ्यातर्फे भेट. मी खूप सांगून पाहिलं. काकूंनी मला डोळ्यांनीच थांबवलं. मी एकटा पूल ओलांडून गेलो. वॉल्टरच्या पत्नींनी दार उघडलं आणि माझ्यामागे बघितलं, आणखी कुणी उतरतंय का ते. सर त्यानंतर जिममध्ये गेले नाहीत. प्रतिनिधीची जागाही त्यांनी त्याच वसंतात सोडली. ती पुढे भरलीच नाही.

पत्राचा विषय आमच्यात कधी निघाला नाही. त्याची प्रत माझ्याकडे आहे, कारण मी ते आधी कच्चं लिहिलं होतं. ते असं :

ती. स्व. सर,

सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर मी गप्प राहिलो ते लाइनमुळे नाही. तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर मला ठाऊक होतं आणि ते तोंडाने सांगवत नव्हतं. म्हणून लिहितो.

सर, मला वाटतं चुकलं. नववं आलं म्हणून दहावं आलं, आणि पुढचं सगळं त्यातून आलं. तुम्ही नाही म्हणाला असता तर कदाचित आणखी काही वर्षं टिकलं असतं, कदाचित नसतंही, मोठी कॉलेजं कशीही गेलीच असती. ते मला सांगता येणार नाही. पण तुम्ही मला कधी खोटं सांगितलं नाहीत, म्हणून मीही "तुमचं काही चुकलं नाही" असं लिहून तुमचं समाधान करणार नाही. तुम्हाला ते एका ओळीत कळलं असतं.

मात्र मला एक गोष्ट कुठेही बसवता येत नाही. लायब्ररीच्या पायऱ्यांवर ज्यांनी मला जेवलास का विचारलं, तेच त्या बाईंना दारातून परत पाठवू शकले असते, असं मी कितीही प्रयत्न केला तरी मनात आणू शकत नाही. ते दुसरे कुणीतरी गृहस्थ झाले असते. त्यांनी कॉन्फरन्स वाचवली असती. मला त्यांनी ओळखलं नसतं. याचा हिशेब कसा करायचा ते मला येत नाही, आणि गणित तुमचा विषय आहे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी रजा घेतली आहे. तिकीट काढलं. वॉल्टर यांच्या पत्नींना मी फोन केला होता, तुम्हाला न विचारता. त्यांना मी कोण ते आधी कळलं नाही. मग तुमचं नाव घेतलं तर त्या म्हणाल्या की शेवटच्या आजारपणात वॉल्टर विचारत होते, यंदा मॅच कधी आहे. त्यांना यंदा नाही हे सांगावं लागे, आणि दर खेपेला ते नव्याने ऐकल्यासारखं ऐकत. हे तुम्हाला सांगू की नको याचा मी चार दिवस विचार केला. तुम्हाला दुःख होईल. पण त्यांना उशिराचं काही वाटत नाही, त्या वाट बघतायत, हे तुम्हाला कळायला हवं, आणि ते याशिवाय सांगता येईना.

दहा दिवस गेले, साठ गेले. तरी जाऊ या. तिथे काय बोलायचं ते सुचलं नाही तर बोलू नका. वाटेतही काही बोलायची गरज नाही. गाडी मी चालवीन.

काकूंना नमस्कार.

तुमचा विद्यार्थी